मत गुप्त, गाव उघडे!

लोकसभेचा निकाल लागला, की दिल्लीत सरकार बनते, शहरांत गुलाल उधळला जातो आणि गावोगाव माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पहिल्या दोन गोष्टींवर वृत्तपत्रे रकानेच्या रकाने खर्च करतात. तिसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निकाल हा देशाचा असतो हे खरे, पण तो ऐकतो एकेक माणूस, आपापल्या ओटीवर बसून. आणि त्याला जो आनंद वा जो विषाद होतो तो त्याचा स्वतःचा असतो. तो बोलून दाखवायचा की पोटात ठेवायचा, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच. हा अधिकार आज त्याला राहिला आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला दिल्लीत सुचला नाही. तो सुचला एडवणला. पालघर तालुक्यातले, केळवे-माहीम आणि दातिवरे यांच्या दरम्यानचे हे किनाऱ्यावरचे गाव. आशापुरी देवीमुळे अनेकांना ठाऊक असलेले. सफाळे स्थानकावर उतरून पश्चिमेकडे जावे, म्हणजे आधी झाडीतून आणि मग वाड्यांमधून रस्ता समुद्राशी जाऊन थांबतो. ४ जून २०२४ ला, मंगळवारी, लोकसभेचा निकाल लागला, आणि त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे ९ जूनला, आम्ही तेथे होतो. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले आणि त्याच संध्याकाळी राष्ट्रपती भवनात नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. १ जूनपासून मासेमारीला बंदी असते, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या आणि एरवी दर्यावर असणारी माणसे घरी होती. निकालाचा दिवस सबंध गावाने घरी बसून पाहावा, असा योग मच्छीमारांच्या वाट्याला क्वचितच येतो.

हा निकाल मोठा चमत्कारिक होता. भारतीय जनता पक्षाच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, तरी मित्रपक्षांसह २९३ जागांच्या बळावर सत्ता त्याच्याच हाती राहिली. काँग्रेस ५२ वरून ९९ वर गेली आणि हरूनही जिंकल्यासारखी वागू लागली. महाराष्ट्रात तर पारडेच फिरले. २०१९ मध्ये ४८ पैकी ४१ जागा मिळविणाऱ्या युतीच्या बाजूला या खेपेस १७ जागा उरल्या. आणि पालघर? पालघरने प्रवाहाच्या उलट पोहण्याचे ठरविले! येथे भाजपचे डॉ. हेमंत सवरा ६ लाखांहून अधिक मते घेऊन निवडून आले. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या भारती कामडी पावणेदोन लाखांवर मतांनी मागे पडल्या, आणि बहुजन विकास आघाडीचे राजेश पाटील अडीच लाख मते घेऊन तिसरे राहिले.

आता एडवणच्या ओटीवर बसलेल्या माणसाची अवस्था पाहा. ज्याने कमळाला मत दिले त्याचा खासदार निवडून आला, पण त्याच्या पक्षाला राज्यात मार बसला आणि दिल्लीत टेकू घ्यावा लागला. ज्याने मशालीला मत दिले त्याचा उमेदवार पडला, पण राज्यभर त्याचीच सरशी झाली. आनंद कोणी करायचा आणि दुःख कोणी? एका घरात तारापूरच्या कारखान्यात नोकरी करणारा धाकटा भाऊ आणि होडीवर जाणारा थोरला, अशी जोडी आम्हांला भेटली. धाकटा म्हणाला, "आम्ही जिंकलो." थोरला म्हणाला, "आम्हीपण." आणि दोघेही हसले. निवडणुकीच्या निकालाची याहून अचूक मीमांसा त्या आठवड्यात कोणा राजकीय पंडिताने केली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

हसण्याची ही सवय पालघरच्या मतदाराला अनुभवाने लागली आहे. २०१४ मध्ये येथून निवडून आलेले भाजपचे चिंतामण वनगा ३० जानेवारी २०१८ रोजी दिवंगत झाले. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उभे केले. त्या महिन्यात घराघरांत वाद झाले. ३१ मे २०१८ ला गावित जिंकले. वनगांसाठी हळहळणाऱ्यांनी त्या रात्री कडू घोट घेतला. आणि वर्ष उलटते न उलटते तोच, २०१९ मध्ये, तेच गावित धनुष्यबाण घेऊन दाराशी आले! ज्यांच्या पराभवासाठी कालपर्यंत घसा कोरडा केला, त्यांच्याच विजयाची मिरवणूक काढण्याची पाळी त्याच कार्यकर्त्यांवर आली. पुढाऱ्यांना पक्ष बदलताना फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते शेजाऱ्याशी अबोला धरलेल्या मतदाराला, कारण अबोला सोडताना तोंड त्याला उघडावे लागते.

येथपर्यंत सारे गमतीचे होते. पण आम्ही एका वयोवृद्ध गृहस्थांपाशी बसलो तेव्हा गंमत संपली. १९७७ च्या मार्चमधला निकाल त्यांनी रेडिओवर ऐकलेला. आणीबाणी उठलेली, पण धास्ती न उठलेली, असे ते दिवस. पालघरचा भाग तेव्हा डहाणू मतदारसंघात होता आणि तेथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम निवडून आले. त्या रात्री कोणाला काय वाटले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "वाटलं ते ज्यानं त्यानं घरात दार लावून बोललं. पण बोललं." आणि आता? या निकालाबद्दल तुम्हांला काय वाटते? थोडा वेळ ते समुद्राच्या दिशेने पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, आम्ही कोणाला मत दिलं ते आम्हांला कशाला विचारता? ते पालघरला लिहून ठेवलंय."

लिहून ठेवले आहे, ही अतिशयोक्ती नव्हे. मतमोजणीच्या दिवशी प्रत्येक केंद्राचे यंत्र टेबलावर येते, कळ दाबली की त्या एका केंद्रावर कोणाला किती मते पडली ते दिसते, आणि जाळीपलीकडे बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी ते आकडे कागदाच्या चिठोऱ्यांवर उतरवून घेतात. संध्याकाळपर्यंत ती चिठोरी गावात पोहोचतात. पुढे नमुना २० या अधिकृत पत्रकात तेच आकडे केंद्रवार छापून प्रसिद्ध होतात. २०२४ मध्ये एका केंद्रावर अधिकात अधिक दीड हजार मतदार असत. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ती मर्यादा १२०० वर आणली. रांगा कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण केंद्र जितके लहान, तितका पडदा विरळ, ही गोष्ट कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही. बाराशे नावांतून न आलेले, मेलेले आणि मुंबईला राहणारे वजा करा, सातआठशे उरतात. गावात एखादे केंद्र म्हणजे प्रत्यक्षात एक कोळीवाडा असतो, दुसरे म्हणजे वाडीवाल्यांची आळी, आणि डोंगराच्या अंगाला गेले तर एक केंद्र म्हणजे एकदोन आदिवासी पाडे. अशा केंद्रावर कोणाला किती पडली हे कळणे, आणि कोणी कोणाला दिले हे कळणे, यांत अंतर ते किती राहिले?

मुंबईच्या वाचकाला ही धास्ती अवास्तव वाटण्याचा संभव आहे. तो सातव्या मजल्यावर राहतो. त्याच्या केंद्रावर तो कोणालाच ओळखत नाही, आणि त्याचे पाणी कोणा स्थानिक पुढाऱ्याच्या मर्जीने येत नाही. गावाचे तसे नसते. किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा हवा असतो, जेट्टीची डागडुजी हवी असते, पाड्यापर्यंत रस्ता हवा असतो, नळाची वाहिनी शेवटच्या घरापर्यंत यायला हवी असते. यांतले प्रत्येक काम कोणाच्या तरी शिफारशीने होते किंवा अडते. "तुमच्या केंद्रावर आम्हांला किती पडली ते आम्ही पाहिले आहे," हे एक वाक्य तेथे पुरेसे असते. त्यापुढे काही बोलावे लागत नाही. २०१९ च्या प्रचारात तर केंद्रीय मंत्री असलेल्या मनेका गांधी यांनी उत्तर प्रदेशात भर सभेत, मतांच्या टक्केवारीप्रमाणे गावांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून त्या क्रमाने विकासकामे करण्याची भाषा केली, आणि निवडणूक आयोगाला त्याबद्दल त्यांची निर्भर्त्सना करावी लागली. आयोगाने केले ते योग्यच. परंतु ज्या आकड्यांवाचून अशी प्रतवारी करताच येत नाही, ते आकडे पुरविणारी व्यवस्था जशीच्या तशी राहिली! चोराला दम द्यायचा आणि किल्ली मात्र दारालाच लावून ठेवायची, असा हा प्रकार झाला.

मतदानाची गुप्तता ही आपल्या कायद्याने मतदाराला दिलेली मेहेरबानी नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम असे सांगते, की कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. १२८ वे कलम गुप्तता राखण्याचे बंधन मतमोजणीच्या कामावरील माणसांवर घालते व ते मोडणाऱ्यास शिक्षा सांगते. २०१३ मध्ये "वरीलपैकी कोणीही नाही" हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाने दिला तोही गुप्ततेच्याच आधारावर. कोणालाच मत न देणाऱ्याचेही नाव कोणास कळता कामा नये म्हणून. पालघरमध्ये २०२४ साली वीस हजारांहून अधिक मतदारांनी ही शेवटची कळ दाबली. आपण कोणालाच दिले नाही, हे बोलून दाखवायला गावात केवढे धैर्य लागते याची कल्पना असणाऱ्याला या आकड्याचे मोल कळेल.

एकेका मतदाराची गुप्तता कायद्याने राखली, पण समूहाची गुप्तता राखण्याचा विचार कोणी केलाच नाही, असेही नाही. मतपत्रिकांच्या काळासाठी १९६१ च्या निवडणूक नियमांत ५९ अ हा नियम आहे. मतदारांना धाकदपटशा होण्याची वा त्यांच्यावर सूड उगविला जाण्याची भीती जेथे आयोगाला वाटेल, तेथे निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच मोजाव्यात, असा त्याचा आशय. साधा, शहाणा, घरगुती उपाय. मग यंत्रे आली. १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे पहिला प्रयोग झाला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर झाली. मतदान सोपे झाले, बाद मतांची कटकट गेली, मोजणी दिवसात आटोपू लागली. पण मतपत्रिका मिसळता येतात, यंत्रे मिसळता येत नाहीत! जुना उपाय यंत्रांबरोबर निकालात निघाला, आणि त्याची आठवण फार थोड्यांना राहिली.

ती निवडणूक आयोगाला राहिली, हे नमूद केले पाहिजे. २००८ मध्येच आयोगाने केंद्र सरकारला सुचविले, की चौदा यंत्रे एकत्र जोडून त्यांची फक्त बेरीज दाखविणारे "टोटलायझर" हे उपकरण वापरण्यास परवानगी द्यावी. एकेका केंद्राचा आकडा मग कोणालाच दिसणार नाही. दिसेल ती चौदा केंद्रांची एकत्र बेरीज. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात हीच शिफारस केली. तरीही हे उपकरण निवडणुकीत आलेले नाही. २००८ मध्ये दिल्लीत एका आघाडीचे सरकार होते; पुढे दुसऱ्या आघाडीचे आले. दोघांचे कशातही जमत नाही, पण हा कागद खाली दाबून ठेवण्यात दोघांचे चांगले जमले! केंद्रवार आकडे मिळाले म्हणजे पक्षांना आपण कोठे कमी पडलो हे कळते व तेथे अधिक काम करता येते, असा युक्तिवाद सरकारच्या बाजूने झाला. कोठे कमी पडलो हे कळल्यावर तेथे अधिक काम करणारा पक्ष असेलही. एडवणच्या ओटीवर तो आमच्या दृष्टीस पडला नाही.

याच्या उलट एक आक्षेप मात्र खरोखरच विचार करण्यासारखा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मारकडवाडी या गावी काय झाले ते वाचकांना आठवत असेल. तेथे विजयी झालेले राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर यांना त्या गावात मात्र पराभूत उमेदवारापेक्षा कमी मते दिसली. गावकऱ्यांच्या एका गटाला ते पटेना. त्यांनी आपल्याच गावात मतपत्रिकांवर पुन्हा चाचणी मतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी केली, गुन्हे नोंदविले गेले आणि ते मतदान झाले नाही. कोणाची शंका खरी, कोणाची खोटी, या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण केंद्राचा आकडाच लपविला तर असा संशय आलेल्या गावाने दाद कशाच्या आधारावर मागायची, हा प्रश्न उरतोच. पारदर्शकता आणि गुप्तता या दोन्ही लोकशाहीच्या मुली, आणि येथे त्या एकमेकींशी भांडत आहेत.

भांडण मिटण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे. केंद्रावर एकूण किती मते पडली, ही संख्या आजही नमुना १७ सी मध्ये लिहून प्रतिनिधींना दिली जाते. ती तशीच राहावी, म्हणजे मते वाढली की घटली याचा ताळा घेता येईल. उमेदवारवार आकडा मात्र चौदा केंद्रांच्या बेरजेतच जाहीर व्हावा आणि प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद मोहोरबंद राहावी. निवडणूक अर्ज दाखल झाला आणि न्यायालयाने आज्ञा केली, तरच ती मोहोर फुटावी. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहण्याची जी पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाने आली, तिलाही याने बाध येऊ नये. ताळा जुळला की नाही एवढे जाहीर करता येईल. ज्याला शंका आहे त्याला न्यायालयाचे दार उघडे राहील. ज्याला फक्त यादी करून ठेवायची आहे, त्याची मात्र अडचण होईल. ती झालेली बरी.

एडवणच्या किनाऱ्यावर ही चर्चा आम्हांला निव्वळ तात्त्विक वाटेना, याला आणखी एक कारण घडले. निकालाला पंधरा दिवस होतात न होतात तोच, १९ जून २०२४ रोजी, डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६ हजार २२० कोटी रुपयांचे बंदर बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ते नाकारले होते आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याला संमती दिली. बंदर व्हावे की न व्हावे, यावर आमचे मत आम्ही स्वतंत्रपणे मांडू. येथे मुद्दा निराळा आहे. पालघरला सत्ताधारी पक्ष निवडून आला, सबब किनाऱ्याने बंदराला होकार दिला, असा अर्थ काढणारे लगेच निघाले. आणि अमुक केंद्रावर विरोधकांना आघाडी मिळाली, सबब तेथील लोक विकासविरोधी, असे बोलणारेही निघाले. बंदराविषयी ज्याला बोलायचे आहे त्याने ते ग्रामसभेत, मोर्चात, न्यायालयात, वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने बोलावे. पण लोकसभेच्या मतदानात त्याने पडद्याआड जे केले ते त्याच्या वाटेत आडवे घालण्याचा अधिकार कोणाला? त्याने मत दिले असेल जातीसाठी, नातलगासाठी, शेतमालाच्या भावासाठी, किंवा समोरच्या आळीतल्या माणसाची जिरवायची म्हणून. मताला कारण विचारायचे नसते, म्हणून तर ते गुप्त.

आणि मतांच्या लहान संख्येला लहान समजण्याचेही कारण नाही. याच निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. अठ्ठेचाळीस म्हणजे एडवणच्या एका आळीतली प्रौढ माणसे. अशा वेळी पराभूत पक्षाचा कोपलेला कार्यकर्ता केंद्रवार पत्रक पुढे घेऊन बसला, तर त्याचे बोट कोणाकोणावर जाऊन थांबेल, हे वाचकांनीच ताडावे.

निकालावर काय वाटते, असे त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही निघताना पुन्हा एकवार विचारले. त्यांनी पावसाचे पाहिले, होडीवरच्या शाकारणीचे पाहिले, आणि "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका," एवढेच उत्तर दिले. जुन्या पिढीतल्या ज्या माणसाने १९७७ मध्ये दार लावून का होईना, मनातले बोलून दाखविले, तो २०२४ मध्ये उघड्या ओटीवर बसून गप्प होता.

निवडणूक नियमांत बदल करायला संसदेचा कायदा लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १६९ व्या कलमान्वये आयोगाशी विचारविनिमय करून केंद्र सरकारला ते नियम स्वतःच दुरुस्त करता येतात. २००८ ची सूचना दप्तरात आहे, २०१५ चा अहवाल छापील आहे, आणि लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये व्हायची आहे. डॉ. हेमंत सवरा यांनी पालघरचे खासदार म्हणून लोकसभेत एवढा एक प्रश्न विचारावा, की ती सूचना कोणत्या टेबलावर आहे. हा प्रश्न त्यांच्या पक्षाला अडचणीचा वाटेल, तसाच तो विरोधी पक्षालाही वाटेल. आणि नेमक्या त्याच कारणासाठी तो त्यांनी विचारावा, अशी आमची विनंती आहे.